हंबकर मूळचे कुठले?

महाडकर महाडचे, पोलादपूरकर पोलादपूरचे. मग हंबकर कुठले? आमच्या आजोळी, नाते गावात, हा प्रश्न मला अगदी सिरियसली विचारला गेला. उत्तर : कलमाझू, मिशिगन, अमेरिका! हंबकर हे आडनाव नाही बॉस. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जो पिकअप बसवलेला असतो, त्याचा हा एक प्रकार. पिकअप तारेची थरथर पकडतो आणि तिची वीज करून अॅम्पकडे धाडतो. ‘हम’ म्हणजे अॅम्प चालू केल्यावर येणारी ती विजेची घूंऽऽ. तिला पळवून लावतो तो हंबकर.

आता हे नाते गावात का? महाडहून रायगडाकडे जाताना हे गाव लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली इथेच जन्मले. त्यामुळे व्यवहाराच्या गप्पा इथे शोभतातच! तर व्यवहार असा. माझा मामा बोटीवर नोकरीला होता. १९७८मध्ये त्यानं परदेशातल्या एका बंदरातून सेकंडहँड गिब्सन एसजी आणली. मामा आता नाही, गिटार माळ्यावर आहे. मध्यंतरी पुण्याचा एक खरेदीदार दादाला, म्हणजे माझ्या मामेभावाला भेटला. ‘गिटार तुमच्याकडेच ठेवा. फक्त पिकअप्स द्या. नवे बसवून देतो, वर रोख.’ रोख एवढी, की पावसाळ्याआधी निम्मं घर शाकारून झालं असतं. दादाचा सवाल सरळ होता : ‘जुने खरंच एवढे भारी असतात का गं?’

मग काय, मे महिन्यात मी, एक मित्र, दोन नव्या गिटारी, एक छोटा अॅम्प आणि मल्टिमीटर अशी वरात नात्याला!

फंडा काय?

साध्या पिकअपमध्ये एकच कॉइल असते. ती तारेचा सूर पकडते आणि घरातल्या वायरिंगची घूंसुद्धा. गिब्सनच्या सेथ लव्हर या इंजिनीअरनं दोन कॉइल्स शेजारी शेजारी ठेवल्या. एकीचे वेढे उलटे आणि तिच्याकडची लोहचुंबकाची बाजूही उलटी. त्यामुळे घूं दोघींमध्ये उलटसुलट होऊन कटाप होते आणि तारेचा सूर मात्र एकात एक मिसळतो. पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९मध्ये.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६०. म्हणून आपली घूं जरा खर्जातली, जी या स्वराच्या जवळपासची. आजोळच्या वायरिंगवर सिंगल कॉइलची गिटार लावली की तंबोरा फुकट!

पिढ्यांची गोष्ट

पहिली पिढी साधारण १९५७ ते १९६२ची. खाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाचं इंग्रजी लेबल, म्हणून लाडाचं नाव पीएएफ. एकेका कॉइलवर केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे सुमारे पाच हजार वेढे. पण ते मोजून घालण्याची शिस्त नव्हती. एका कॉइलला कमी, दुसरीला जास्त. लोहचुंबकही हाताला येईल त्या प्रतीचा. म्हणून दोन पीएएफ एकमेकींसारख्या असतीलच असं नाही. आज ज्याची पूजा होते, तो ‘पीएएफ साउंड’ खरं तर एक नाहीच!

पुढे लेबलवर पेटंट नंबर आला, तोही चुकीचा. छापला गेला लेस पॉलच्या टेलपीसच्या पेटंटचा नंबर! साठच्या दशकाच्या मध्यापासून जवळपास १९८०पर्यंत आले ‘टी-टॉप’. बॉबिनवर इंग्रजी टी अक्षर, लोहचुंबक ठरलेला, वेढे बऱ्यापैकी सारखे. मामाच्या गिटारमध्ये हेच.

मग १९८०च्या दशकात टिम शॉनं जुना आवाज परत आणायचा प्रयत्न केला. १९९०च्या सुमारास ‘५७ क्लासिक’ आला : दोन्ही कॉइल्स समान, मेणात बुडवून पक्क्या केलेल्या, म्हणजे मोठ्या आवाजात शिट्टी मारत नाहीत. आणि २००२मध्ये ‘बर्स्टबकर’, ज्यात कॉइल्स मुद्दाम असमान ठेवल्या. एकेकाळचा ढिसाळपणा आता फीचर म्हणून विकला जातो. महाडच्या मोटर रिवायंडिंगवाल्याला हे सांगितलं, तर तो काउंटरवरचे वेढे मोजत पोट धरून हसेल!

माजघरातली टेस्ट

तीन गिटारी, एकाच जाडीच्या तारा, एकच अॅम्प. वाजवणारा मित्र माजघरात, ऐकणारे आम्ही पडवीत. ओळखायचं फक्त कानानं.

क्लीन आवाजात फरक सॉलिड कळला. टी-टॉप मोकळा, लख्ख. ५७ क्लासिक गोलसर, तूप लावल्यासारखा. बर्स्टबकरला किंचित धार, आणि कॉइल्स असमान असल्यामुळे कान दिला तर बारीकशी घूंसुद्धा. पण डिस्टॉर्शन चढवलं आणि सगळ्यांचीच विकेट! दादा आणि मी चक्क अंदाजपंचे बोलायला लागलो.

खरी गंमत पुढे. ५७ क्लासिकचा स्क्रू फिरवून तो तारांपासून दोनेक मिलिमीटर खाली नेला. आवाज मोकळा झाला, टी-टॉपच्या बराच जवळ आला. वीसेक वर्षांचं अंतर एका स्क्रूड्रायव्हरनं कापलं!

मल्टिमीटरचाही धडा मिळाला. तांबं तापलं की त्याचा विद्युतरोध वाढतो, अंशाला साधारण ०.४ टक्के. वीस अंशांच्या खोलीत ७.५ किलोओहम दाखवणारी कॉइल कोकणातल्या ३५ अंशांत ७.९ दाखवते. तेव्हा ‘आकडा जास्त म्हणजे पिकअप हॉट’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, खोलीत एसी होता का?

मग विकायचे का?

जुना पिकअप जादू करत नाही, पण त्याला त्याचा आवाज असतो. टी-टॉपची किंमत मात्र आवाजापेक्षा त्याच्या मूळ गिटारशी जास्त बांधलेली असते. मूळ पिकअप्स, न छेडलेलं सोल्डर आणि गिटार एकत्र, तर तिला मान. पिकअप्स एकदा काढले की ते एक सुटा पार्ट आणि गिटार एक खोकं.

मामी इतका वेळ गप्प होती. म्हणाली, ‘विकायची तर अख्खी विका. तिचा गळा काढून काय विकताय?’

दादानं पुण्याच्या पार्टीला तेच कळवलं. तिकडून पुन्हा फोन आला नाही. यंदा घराची पुढची बाजू शाकारली, मागची पुढच्या वर्षी. तोवर मागच्या खोलीत पातेली, आणि माळ्यावरच्या गिटारवर दुहेरी प्लास्टिक.

तुम्ही घेणार असाल, तर...

* नुसत्या लेबलवर भाळू नका, नकली लेबलं मिळतात. सोल्डर आणि वायर बघा.
* दुकानात क्लीन आवाजावर ऐका. डिस्टॉर्शनमध्ये सगळेच हिरो!
* घरी अॅम्प, तारा आणि पिकअपची उंची तपासा. आधी स्क्रू फिरवा, मग पाकीट उघडा.