समोरचा वारा आणि आपली सायकल

नाशिक शहरातून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने जाणारे कामगार बंधू आम्हांला पावसाळ्यात नेहमी सांगतात, ‘सकाळी जाताना दम निघतो, संध्याकाळी येताना मात्र सायकल पळते.’ दोष दर वेळी सायकलचा नसतो. सातपूर शहराच्या पश्चिमेला आहे आणि पावसाळी वारा पश्चिमेकडूनच येतो. पाळी सुरू होण्यापूर्वीच अंगातली ताकद वाऱ्याशी झुंजण्यात खर्च होते.

आम्ही कारकून माणसे, म्हणून हिशेब मांडतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. आपण ताशी १५ कि.मी. वेगाने निघालो आणि समोरून ताशी १० कि.मी. वारा असला, तर अंगावर २५ कि.मी. वेगाची हवा आदळते. अडथळा सुमारे पावणेतीनपट होतो! त्यातला मोठा वाटा सायकलचा नसून वर बसलेल्या माणसाचा असतो. म्हणून महागडी सायकल घेण्याची गरज नाही.

नाशिकचेच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० कि.मी.ची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा शर्यतींत स्वार वाकून बसतात, घट्ट कपडे घालतात. छातीवर वारा कमी बसावा, एवढाच त्यामागे हेतू. तोच उपाय आपणही करावा.

वारा समोरचा असेल तेव्हा कोपरे वाकवून आत घ्या, पाठ थोडी झुकवा, नजर मात्र रस्त्यावर ठेवा. शर्ट खोचा. रेनकोट शिडासारखा फुगतो, तो कमरेला बांधा. डबा हँडलला न लटकवता मागे कॅरिअरवर आवळा. भगिनींनी पदर, ओढणी नीट खोचावी, म्हणजे ती चाकात अडकण्याचा धोकाही टळतो. दोघेतिघे सोबत असाल तर सुरक्षित अंतर ठेवून एकामागे एक चला आणि आळीपाळीने पुढे या. मागच्याचे श्रम वाचतात. ट्रक किंवा बसच्या आडोशाला मात्र कधीही जाऊ नका. तिने अचानक ब्रेक मारला तर जीव जाईल.

वारा पडलेला असेल आणि वेग कमी असेल, तेव्हा हवा कमी असलेले टायर आणि कोरडी चेनच जास्त ताकद खातात. आठवड्याला हवा भरा, चेनला तेल द्या.

मजुरी मिळते ती कारखान्यातल्या श्रमाची. वाटेत वाऱ्याला दिलेल्या श्रमाचे दाम कोणी देत नाही. ते श्रम वाचले, तर संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेण्याइतके त्राण अंगात उरेल.