घरगुती नळकामाचे प्रात्यक्षिक शिक्षण

ग्रामीण भागात घरोघरी नळाने पाणी पोहोचविण्याचे काम गेल्या काही वर्षांत झपाट्याने झाले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, त्या वेळी देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ३ कोटी २३ लाख कुटुंबांच्या घरी नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. माणशी दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी घरात मिळावे, असे या योजनेचे प्रमाण आहे. नळाबरोबर अर्थातच सांधे आले, तोट्या आल्या, चाव्या आल्या आणि गळतीही आली. विहिरीवरचा रहाट मोडला तर तो गावचा सुतार दुरुस्त करी. नळ बिघडला तर तालुक्याच्या गावाहून कारागीर येईपर्यंत आठ-आठ दिवस जातात, आणि तोवर घरातील कोणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी सांध्यावर आवळून वेळ निभावून नेतो. ही पट्टी पुढे वर्षभर तशीच राहते, हा सर्वांच्याच परिचयाचा प्रकार आहे.

गळक्या सांध्याने पाणी वाया जाते एवढेच आपण धरून चालतो. त्याचा खरा धोका निराळा आहे, आणि तो समजल्याखेरीज नळकामाच्या शिक्षणाचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

पाणी बंद झाल्यावर पाइपात काय घडते

बहुतेक गावांत पाणी दिवसातून तास-दोन तास सुटते. ते चालू असते तोवर पाइपात दाब असतो आणि फटीतून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की उताराकडील घरांतील उघड्या नळांतून पाइपातील उरलेले पाणी निघून जाते. त्यामुळे चढाकडील पाइपात पोकळी निर्माण होते, आणि ही पोकळी भरून काढण्यासाठी पाइप प्रत्येक फटीतून बाहेरचे जे मिळेल ते आत ओढतो. फट कोरड्या मातीत असेल तर हवा येते. घरजोडाचा पाइप गटारातून गेलेला असेल आणि सांधा गटारातच असेल, तर काय येते ते निराळे सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी पाणी सुटते तेव्हा पहिल्या धारेबरोबर ही घाण निघते, आणि ती ज्याच्या दारात सांधा गळतो त्याच्याच हंड्यात पडेल असे नाही. त्या ओळीतील कोणाच्याही घरात ती जाऊ शकते. टाकीत टीसीएल पावडर नेमाने टाकली जात असूनही एखाद्याच आळीत जुलाब किंवा कावीळ का उद्भवते, याचे उत्तर पुष्कळदा अशा सांध्यात सापडते. नळास थेट मोटार लावून पाणी खेचणारे लोक ही ओढ कितीतरी पटींनी वाढवितात.

शेतकऱ्यांनी तर याच संदर्भात आणखी एका गोष्टीची धास्ती बाळगली पाहिजे. फवारणीचे औषध कालविताना पिंपात रबरी नळी सोडून ती अंगणातील नळास जोडण्याची पद्धत सर्वत्र दिसते. पिंप भरत असतानाच पाणी गेले आणि नळीचे तोंड द्रावणात बुडालेले राहिले, तर तीच नळी पिंपातील विष उलट दिशेने पिण्याच्या पाइपात ओढून घेऊ शकते. यावरचा उपाय साधा व बिनखर्चाचा आहे. नळाचे अथवा नळीचे तोंड भांड्याच्या काठाच्या वर, नळाच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर मोकळे ठेवावयाचे. अर्ध्या इंची तोटीस दोन-तीन बोटांचे अंतर पुरते. जेथे पाणी हवेतून पडते तेथून ते परत चढू शकत नाही. त्याहून चांगले म्हणजे औषध कालविण्याचे पाणी बादलीनेच न्यावे.

चांगल्या प्रशिक्षण वर्गात हा प्रकार पहिल्याच दिवशी डोळ्यांनी दाखविला जातो. पारदर्शक नळीस दोन तोट्या बसवितात, एक वर व एक खाली. वरच्या तोटीस लावलेली लहान नळी रंगीत पाण्याच्या भांड्यात बुडवितात, मग पुरवठा बंद करून खालची तोटी उघडतात. क्षणभराने खालच्या तोटीतून रंगीत पाणी येऊ लागते. तासभर व्याख्यान देऊन जे पटत नाही ते येथे एका मिनिटात पटते. ग्रामसभेतही हा प्रयोग करून दाखविण्यास हरकत नाही. त्यास लागणारे साहित्य दुकानात सहज मिळते.

हातास वळण

वर्गातील पहिले काही दिवस बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपावर, म्हणजे बाजारात ज्यास जी. आय. पाइप म्हणतात त्यावर जातात. नवख्या प्रशिक्षणार्थ्याचा पहिला गोंधळ मापात होतो. अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचा पाइप मोजून पाहिला तर तो बाहेरून २१ मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो. १५ हे त्या पाइपाचे नाव आहे, माप नव्हे. दुसरा गोंधळ लांबीचा. दोन एल्बोंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर घेऊन तेवढाच पाइप कापला तर तो लांब होतो, कारण एल्बोची स्वतःची जागा त्यातून वजा करावयास हवी आणि आट्यांचा आत शिरणारा भाग मिळवावयास हवा. हा हिशेब फळ्यावर सोपा दिसतो. दोन-चार तुकडे फुकट गेल्यावाचून तो अंगवळणी पडत नाही, म्हणून निदेशकाने तुकडे फुकट जाऊ द्यावेत असे आमचे मत आहे. साहित्य वाचविण्यासाठी एकाने कापावयाचे आणि पंधरा जणांनी पाहावयाचे, अशा रीतीने चालणारे वर्ग प्रमाणपत्र देतात, कारागीर देत नाहीत.

पाइप शेगड्यात घट्ट धरून करवतीने काटकोनात कापावा लागतो. कापल्यावर आतल्या कडेस जी धार उरते ती कानशीने काढून टाकावी लागते, नाही तर तेथे गाळ धरतो आणि पाइपाचे तोंड हळूहळू आवळत जाते. मग आटे पाडावयाचे. अर्ध्या व पाऊण इंची पाइपास दर इंचास १४ आटे, एक इंचापासून पुढे ११. डाय तेल देत फिरवावी, अर्धा फेरा पुढे गेल्यावर थोडी मागे घ्यावी, म्हणजे कीस तुटून पडतो. पाणी थोपविणारे हे आटे टोकाकडे निमुळते असतात, आणि सांधा घट्ट बसतो तो या निमुळतेपणामुळे. टेफ्लॉनची टेप किंवा जुन्या पद्धतीचा सफेदा व सूत ही उरलेली बारीक फट बुजविण्यासाठी असतात. वाईट पाडलेले आटे त्यांनी चांगले होत नाहीत. टेप गुंडाळताना पाइपाचे टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळलेली टेप जोड आवळताना सुटून बाहेर येते, आणि मग ती आणखी लागते असे समजून जाड थर दिला जातो. प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये असा जाड थर देऊन पान्याने जोर लावला की सॉकेट चिरते. ही चीर कित्येकदा त्या दिवशी दिसत नाही.

युनियन कोठे घालावा हे समजले की प्रशिक्षणार्थी अर्धा कारागीर झाला असे मानावयास हरकत नाही. दोन्ही टोकांस आटे असलेला पाइप दोन जोडांच्या मध्ये अडकला असता तो फिरवून काढता येत नाही. एका टोकास सुटतो तसा दुसऱ्या टोकास आवळत जातो. चावी, मोटार किंवा मीटर यांच्याजवळ युनियन ठेवला नाही, तर एवढीशी वस्तू बदलण्यासाठी भिंतीपर्यंतचा सगळा पाइप उलगडावा लागतो. गावोगावी करवतीने पाइप तोडून केलेल्या दुरुस्त्या दिसतात, त्यांचे कारण बहुधा हेच असते.

प्लास्टिकच्या पाइपांचे काम हलके व लवकर होणारे आहे. त्यातील फसवणूकही त्यामुळेच आहे. गरम पाण्यास चालतो तो सी. पी. व्ही. सी. पाइप आणि थंड पाण्यापुरता असतो तो यू. पी. व्ही. सी. पाइप, हे दोन ओळखता आले पाहिजेत. छपरावर सौर बंब बसवून त्यास साधा पाइप लावला तर तो नरमून वाकतो. प्रत्येक जातीचा सोल्युशन निराळा असतो. सोल्युशन लावून पाइप जोडात घातल्यावर पाव फेरा द्यावा आणि काही सेकंद दाबून धरावा, कारण तो मागे सरकू पाहतो. आणि डब्यावर सांगितलेला वेळ भरल्याशिवाय पाणी सोडू नये. काळ्या एच. डी. पी. ई. पाइपास सोल्युशन चालतच नाही. त्याची टोके २०० अंशांहून अधिक तापविलेल्या तबकडीने वितळवून एकमेकांस चिकटवितात, किंवा लहान मापास दाबून बसणारे जोड वापरतात. ज्यांनी स्वतःच्या शेतात ठिबकची जोडणी केली आहे ते हे भाग लवकर शिकतात असे दिसते. चावी, फिल्टर, एंड कॅप ही नावे त्यांना नवी नसतात. शेतातील गळका जोड ते चालवून घेतात, ती सवय मात्र घराच्या नळावर मोडावी लागते.

तोटीतील वायसर बदलणे हे सर्वांत लहान काम. घरातील प्रत्येकास ते यावे. मागची चावी बंद करावी, एका पान्याने तोटीचे अंग धरावे व दुसऱ्याने वरचा भाग उघडावा. एकच पाना वापरला तर तोटीबरोबर भिंतीतील पाइप पिळला जातो. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसास सुमारे चार लिटर पाणी घालविते. या थेंबांची भित्तिपत्रके पुष्कळ निघाली आहेत, परंतु तोटीच नसलेल्या नळाकडे लक्ष कमी जाते. उघड्या पाइपातून मिनिटास १० लिटर पाणी वाहत असेल तर अर्ध्या तासात ३०० लिटर जातात, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबाचा दिवसाचा वाटा संपतो, आणि चढावरच्या घरांपर्यंत दाबच पोहोचत नाही.

छपरावरील टाकीचे पाणी खाली का येत नाही, हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीस दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम एवढा दाब पडतो. टाकी तीन मीटर उंच असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यात पाइप वर-खाली वळवत नेला असेल तर वरच्या वळणात हवा अडकते आणि एवढ्या अल्प दाबाने ती हटत नाही. पुण्यास कात्रजच्या तलावाचे पाणी अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी भुयारी नळाने आणले, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. हवेस वाट हवी हे त्या कारागिरांस ठाऊक होते.

कोणास पाठवावे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील नळ कारागीर हा अभ्यासक्रम १ वर्षाचा आहे. त्याखेरीज अल्पमुदतीचे वर्गही निघतात, आणि जल जीवन मिशनच्या ‘नल जल मित्र’ कार्यक्रमात नळकामाबरोबर वीजकाम, गवंडीकाम व पंप चालविणे यांसारखी कामे एकाच माणसास शिकविण्याची योजना आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उमेदवार निवडताना तो शिकून शहरास निघून जाणार नाही याचा विचार करावा. अर्थात गावात त्याच्या कामाचा दर ठरवून दिला नाही तर तो जाईल, आणि त्यास दोष देता येणार नाही. पाणी सोडणारा कर्मचारी आणि जलसुरक्षक यांना हे शिक्षण प्रथम मिळावे. मिशनच्या आखणीनुसार गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे शिक्षण द्यावयाचे आहे. त्यांतील ज्यांची इच्छा असेल त्यांनाही नळकामास पाठवावे. पुरुष शेतावर असताना नळ फुटतो तेव्हा घरी त्याच असतात, आणि पान्यास लागणारी ताकद त्याच्या दांड्याच्या लांबीतून मिळते, हे एकदा पान धरले की समजते.

डाय, शेगडा व मोठे पाने यांचा संच एकट्या कारागिरास घेणे जड जाते. तो ग्रामपंचायतीने अथवा पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने घेऊन नोंदवहीवर द्यावा. त्याच वहीत गावातील प्रत्येक चावी कोणत्या घरासमोर आहे याचा कच्चा नकाशा काढून ठेवावा. चावी मातीखाली गेल्यामुळे सगळ्या गावाचे पाणी बंद ठेवून एक सांधा दुरुस्त करण्याचे प्रसंग त्यामुळे टळतील.

शिकून आलेल्या कारागिराकडून पहिले काम गटारातील घरजोडांचे करून घ्यावे. असे पाइप गटाराच्या वरून न्यावेत. ते शक्य नसेल तेथे मोठ्या पाइपाच्या आवरणातून अखंड, सांधा न ठेवता पार करावेत. दुरुस्तीनंतर पहिले पाणी काही वेळ वाहू देऊन मग शेवटच्या घराच्या नळावर ओ. टी. चाचणी घ्यावी, पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन तेथवर पोहोचले. ही चाचणी होईपर्यंत, आणि पुरत्या दाबाखाली सांधा कोरडा राहिलेला पाहिला जाईपर्यंत, खड्डा बुजवू नये. रात्री कोणी त्यात पडू नये म्हणून भोवती काटेरी फांद्या लावून ठेवाव्यात.