नंदुरबारचा प्राणवायू

एप्रिल २०२१मध्ये कोरोनाच्या लाटेत मोठमोठ्या शहरांतली रुग्णालयं ऑक्सिजनच्या टँकरकडे डोळे लावून बसली होती. त्या वेळी सातपुड्याच्या कुशीतला आदिवासीबहुल नंदुरबार जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करत होता. तिथला पहिला प्लांट सप्टेंबर २०२०मध्येच उभा राहिला होता. पुढे रुग्ण कमी झाले, तरी तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी नवे प्लांट उभारणं थांबवलं नाही. वॉर्ड रिकामे होत असताना पैसा खर्च करायला मोठी हिंमत लागते. मला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत मोलाची वाटते.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो. त्यासाठी खास टँकर लागतात आणि ते लांबून यावे लागतात. नंदुरबारसारख्या पीएसए (प्रेशर स्विंग ॲड्सॉर्प्शन) प्लांटचा कच्चा माल म्हणजे भोवतालची हवा. दाबाखालची हवा झिओलाइट या खनिजाच्या खड्यांनी भरलेल्या टाकीतून गेली की नायट्रोजन त्या खड्यांना चिकटतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो. तोवर शेजारची टाकी काम करते.

पण प्लांट असला म्हणजे भागलं, असं नाही; वायू जपूनही वापरावा लागतो. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो, ६० लिटर लागणाऱ्याला दोन तासही नाही. म्हणून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या गेल्या. रुग्ण जेवायला मास्क काढतो आणि वायू तसाच वाहत राहतो. मास्क नाकावर नीट बसत नाही, कडेने गळती होते. कुणाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९८ टक्क्यांवर पोचलेली असते, तरी फ्लो कालचाच असतो. अशा वेळी खाटेजवळ जाऊन फ्लोमीटरची गोळी खाली आणणारं जाणतं माणूस लागतं. ऑक्सिजन नर्सने वाचवलेला प्रत्येक लिटर शेजारच्या खाटेला मिळतो.

कोरोनाकाळात देशभर असे प्लांट बसले. त्यांना निगा लागते, कारण दमट हवेने झिओलाइट निकामी होतं. ड्रायर, फिल्टर, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची तरतूद दरवर्षी करावी लागते, साथ असो वा नसो. आपल्या उपजिल्हा रुग्णालयातला प्लांट शेवटचा कधी चालवला आणि त्याच्या ऑक्सिजनची शुद्धता कधी मोजली, हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आताच विचारायला हवं.