कपाटातल्या कपाटात हरवलेली पुस्तके

येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या दिवसाच्या सुमारास तालुक्यातील एखाद्या मुलाने शाळेत बाबासाहेबांचे चरित्र मागावे, ते दाखल नोंदवहीत असावे, देवघेव वहीत कोणाच्याही नावावर नसावे, आणि तरीही कपाटात सापडू नये, हा प्रसंग कोणत्याही शाळेत घडण्यासारखा आहे. पुस्तक शाळेतच असते. परंतु त्या मुलापुरते ते नसल्यासारखेच होय. मूल रिकाम्या हाताने परत जाते, आणि पुन्हा मागावयास येईलच असे नाही.

याचा दुसरा परिणाम अधिक व्यापक आहे. न सापडणारे पुस्तक हरवले असे समजले जाते. भरपाई आपल्यावर येईल या धास्तीने शिक्षक कपाटास कुलूप लावतात, आणि दोनचार पुस्तकांपायी सर्वच पुस्तके मुलांपासून दुरावतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले आहे. कुलूपबंद कपाटाने तो हेतू साधत नाही. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलाच नियम आहे. तेव्हा चुकलेले पुस्तक शोधण्याची रीत शिक्षकास अवगत असली, तर कपाट उघडे ठेवण्याचे धैर्य त्यास येते.

पुस्तक चुकते कसे?

पुस्तके चुकण्याचे प्रकार थोडे आहेत व ते पुन्हा पुन्हा तेच असतात. ते ओळखता आले की शोधाचे निम्मे काम होते.

पहिला प्रकार आकड्यांचा. ड्युई यांच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीप्रमाणे जेथे पुस्तके लावलेली असतात, तेथे लोककथांचा वर्गांक ३९८ असतो. घाईत त्याचे ३८९ झाले की लोककथा वजनेमापांच्या पुस्तकांत जाऊन बसते. मराठी वाङ्मयाचा वर्गांक ८९१.४६ व हिंदीचा ८९१.४३, देवनागरीतील ६ व ३ हे एकमेकांकडे पाठ फिरवून उभे असल्याने मराठी गोष्टीचे पुस्तक हिंदीच्या रांगेत आढळते. १ व ९ यांचीही अशीच गफलत होते.

दुसरा प्रकार नावांचा. ‘श्यामची आई’ लेखकाच्या आडनावाने लावावयाचे तर ‘सा’ अक्षराखाली, म्हणजे साने या नावाखाली येते. परंतु ते ठेवणारा कोणी ‘गुरुजी’ म्हणून ‘गु’खाली ठेवतो, कोणी पुस्तकाच्या नावावरून ‘श्या’खाली. तीनही ठिकाणे पाहिल्याविना शोध पुरा झाला असे समजू नये.

तिसरा प्रकार विषयाचा. सेनापती तात्या टोपे यांचा जन्म येवल्याचा. त्यांच्यावरील पुस्तक चरित्रांत ठेवावे, १८५७ च्या इतिहासात ठेवावे, की गावाच्या माहितीत? एका वर्षी एका शिक्षकाने एक ठरविले व पुढच्या वर्षी दुसऱ्याने दुसरे, तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन टोकांस जातात.

चौथा प्रकार केवळ आकाराचा. मुलांची पुष्कळ पुस्तके सोळा किंवा चोवीस पानांची असतात. ती मोठ्या पुस्तकाच्या पोटात शिरतात, रांगेच्या मागे पडतात, किंवा दोन पुस्तकांमध्ये दबून दिसेनाशी होतात.

शोधाचा क्रम

प्रथम नोंदी पाहाव्यात. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्यास परत आलेली प्रत चुकून दुसरीच्या दाखल क्रमांकावर जमा झालेली असते. मग वहीत एक प्रत हरवलेली दिसते व कपाटात एक प्रत जास्त निघते. येथे शोधावयाचे असते ते वहीतच.

त्यानंतर पुस्तकाची ठरलेली जागा, तिच्या दोन्ही बाजूंची दहादहा पुस्तके, व बरोबर वरचा आणि खालचा कप्पा पाहावा. ठेवणाऱ्याचा हात बहुधा फार दूर जात नाही. रांगेतील पुस्तके पुढे ओढून मागची बाजू पाहावी, आणि जाड पुस्तके हलकेच उघडून त्यांत काही अडकले आहे काय ते पाहावे. मग वर सांगितलेले आकड्यांचे, नावांचे व विषयांचे पर्याय घ्यावेत. शेवटी कपाटाबाहेरची ठिकाणे: वर्गातील वाचनकोपरा, दुरुस्तीचा गठ्ठा, शिक्षकांचे खण.

इतके करूनही न सापडल्यास पुस्तकाचे नाव व दाखल क्रमांक एका शोधयादीत लिहून ती यादी कपाटाच्या दाराला आतून लावावी. महिन्याने पुन्हा पाहावे. हरवल्याचा शेरा मारण्यापूर्वी वार्षिक पडताळणी होऊ द्यावी. निर्लेखनाचा विचार त्यानंतर विहित रीतीने करावा.

रोज एक कप्पा

शोधण्यापेक्षा चुकू न देणे सोपे. आठवड्यातून एक दिवस सर्व कपाट लावण्याऐवजी रोज एकच कप्पा तपासावा. दहा मिनिटे पुरतात. एका मुलाने क्रमांक वाचावा व दुसऱ्याने यादीवर खूण करावी. लहान शाळेत पुस्तके केवळ दाखल क्रमांकाने लावलेली असली, तर २१२, २१३, २१५ असे वाचताच मुलेच थांबतात. पैठणीच्या मागाजवळ वाढलेल्या मुलास प्रत्येक धाग्याची जागा मोजून ठरलेली असते हे निराळे सांगावे लागत नाही. पुस्तकाचेही तसेच आहे, हे ते चटकन जाणते.

पुस्तक वाचून झाल्यावर मुलांनी ते स्वतः कपाटात ठेवू नये. त्यासाठी एक टोपली ठेवावी व दिवसाअखेर ठरलेल्या दोन मुलांनीच, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पुस्तके जागी लावावीत. पातळ पुस्तकांना पाठीवर चिठ्ठी बसत नाही. ती मुखपृष्ठाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लावावी. क्रमांक ठळक लिहावा, विशेषतः ३, ६, १ व ९ हे आकडे.

शिक्षकबंधुभगिनींनी येत्या सत्रात आपल्या शाळेची शोधयादी तयार करून या क्रमाने एकवार शोध घ्यावा. हरवली म्हणून लिहिलेली काही पुस्तके कपाटातच निघण्याचा संभव आहे. ती निघाली की प्रथम ज्या मुलाने मागितली होती, त्याच्या हाती द्यावीत.