वाळवंटातील शहर कुणाच्या सावलीत उभे राहते?

आपल्या वस्त्यांतून गवंडी, सुतार, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून कितीतरी तरुण दुबई, अबुधाबी, दोहा, रियाध या शहरांकडे गेले आणि आजही जात आहेत. त्यांच्या फोटोंत मागे काचेचे उंचच उंच मनोरे दिसतात आणि घरची मंडळी ते कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतात. ते साहजिकच आहे. पण मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दुबईत जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात तिथे पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी लाखो माणसांचे शहर कशावर उभे आहे आणि किती काळ टिकेल? जगभरचे वास्तुशास्त्रज्ञ आज या प्रश्नावर डोके खपवीत आहेत. हा प्रश्न आपलाही आहे, कारण ही शहरे बांधणाऱ्या हातांत आपलेही हात आहेत.

जुन्यांचे शहाणपण

वाळवंटात माणूस एसी येण्याच्या आधीपासून राहतो आहे. इराणमधील यझ्द हे शहर त्याचा उत्तम नमुना. मातीच्या जाड भिंती, अरुंद बोळ, घराच्या मध्यभागी चौक आणि छतावर वारा पकडणारे बुरूज अशी तिथली रचना. बुरुजाच्या तोंडातून वरचा वारा घरात उतरतो आणि गरम हवा बाहेर निघून जाते. बोळ अरुंद असल्याने एका घराची सावली दुसऱ्या घराच्या भिंतीवर पडते. 2017 साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दुबईच्या खाडीकाठीही इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी असेच वाऱ्याचे बुरूज असलेली घरे बांधली. त्यांतील काही आजही पाहावयास मिळतात.

पाण्याचीही तशीच युक्ती. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचे पाणी गाठायचे आणि तिथून गावापर्यंत हलका उतार असलेला बोगदा खणायचा. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी भोके ठेवायची, म्हणजे हवा खेळते आणि गाळ काढता येतो. पाणी आपल्या वजनाने वाहते. पंप लागत नाही आणि उन्हाने पाणी आटतही नाही. इराणात याला कनात म्हणतात. ओमानात अशा कालव्यांचे पाणी आधी पिण्यासाठी आणि मग बागांना मिळते; बागांची पाळी वेळ मोजून ठरते.

ही विद्या आपल्या मराठवाड्यातही आली होती. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर बांधलेली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ती बांधवून घेणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. ज्याला बाजारात उभे केले, त्याने एका शहराची तहान भागवली! याच शहरात परमपूज्य बाबासाहेबांनी 1950 साली आपल्या मुलांसाठी महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले.

वाळवंट बौद्ध धम्मालाही परके नाही. चीनच्या पश्चिमेस तुर्फानजवळ जियाओहे नावाच्या प्राचीन नगरीचे अवशेष आहेत. दोन नद्यांमधल्या उंच पठारावर वसलेल्या या नगरीतील रस्ते आणि घरे बहुतांशी जमीन खोल कोरून काढलेली आहेत. उन्हापासून बचावाची सोय अशा रीतीने आपोआप झाली. त्या नगरीत मोठा बौद्ध विहार होता.

तेल आले, काच आली

अबुधाबीत 1958 साली आणि दुबईत 1966 साली तेल सापडले. पैसा आला, वीज आली, एसी आले. मग वारा आणि सावली यांचा विचार कोण करतो? थंड देशांतील काचेच्या इमारती उचलून वाळवंटात उभ्या केल्या गेल्या. काचेतून ऊन आत येते आणि ते बाहेर काढण्यासाठी एसी रात्रंदिवस चालतो. एसीने बाहेर फेकलेली उष्णता पुन्हा रस्त्यावरच येते. त्या रस्त्यावर पायी चालणारा आणि उघड्यावर काम करणारा कोण, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पिण्याचे पाणीही असेच. दुबईचे जवळजवळ सर्व पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. त्याला प्रचंड वीज लागते आणि उरलेले अतिखारट पाणी परत समुद्रात सोडले जाते. 4 जानेवारी 2010 रोजी खुला झालेला बुर्ज खलिफा हा 828 मीटर उंचीचा मनोरा पाहून डोळे दिपतात. त्याच्या एसीतून ठिबकणारे पाणी साठवून बागांना घालतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मुळात इतका एसी का लागावा, हा प्रश्न राहतोच.

निसर्गाने एप्रिल 2024 मध्ये आपला हिशेब मांडला. 16 एप्रिलला संयुक्त अरब अमिरातीत 1949 पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पाऊस पडला. अल ऐन भागातील एका ठिकाणी 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर! दुबईचे रस्ते नद्या झाले, विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी साचले. सिमेंट आणि डांबराने झाकलेल्या जमिनीत पाणी मुरणार कुठे? दर पावसाळ्यात नाल्याकाठी घर सांभाळणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

नवी वाट आणि तिच्या मर्यादा

या चुकीची जाणीव काहींना फार आधी झाली होती. इजिप्तचे वास्तुशास्त्रज्ञ हसन फतही (1900–1989) यांनी 1945 च्या सुमारास लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी बांधावयास घेतले. लाकडाच्या आधाराशिवाय मातीच्या कमानी उभारणाऱ्या नूबियाच्या गवंड्यांना त्यांनी सन्मानाने बोलावले. गरिबाचे घर गरिबाला परवडेल अशा मालाने आणि त्याच्याच कसबाने बांधावे, हा त्यांचा आग्रह. परंतु प्राचीन थडग्यांवर वसलेल्या जुन्या गावातून लोकांना उठवण्याचा निर्णय सरकारचा होता. लोकांची पोटे त्या जुन्या जागेवर होती. त्यांनी नव्या गावात जाण्यास नकार दिला आणि गाव अर्धवट राहिले. इमारत कितीही गुणी असली, तरी माणसाला न विचारता त्याचे घर ठरवता येत नाही, हा धडा तिथून घ्यावा.

अबुधाबीजवळील मसदार हे अलीकडचे उदाहरण. 2006 साली घोषणा झाली आणि 2008 साली काम सुरू झाले. इंग्लंडच्या फॉस्टर यांच्या संस्थेने आराखडा केला. अरुंद आणि सावलीचे रस्ते, जाळीदार सज्जे, सौर वीज आणि चौकात 45 मीटर उंचीचा वाऱ्याचा बुरूज अशी ही रचना. म्हणजे कोट्यवधी डॉलर खर्चून शेवटी यझ्दच्या गवंड्याचेच शहाणपण स्वीकारले गेले! दोहामधील मशैरिब या नव्या भागातही रस्ते वाऱ्याची दिशा पाहून आणि सावली धरून आखले आहेत. हे स्वागतार्ह आहे. मात्र मसदार 2016 पर्यंत पुरे होऊन तिथे 50 हजार लोक राहतील असे सांगितले होते. मुदत पुढे 2030 वर गेली.

सौदी अरेबियाने 2021 साली 170 किलोमीटर लांबीच्या सरळ रेषेतील शहराची घोषणा केली. पर्यावरणाचे नाव घेऊन आखलेल्या या प्रकल्पासाठी हुवैतात जमातीच्या लोकांना त्यांच्या गावांतून उठवले गेले. पुढे ही योजना आखडती घ्यावी लागल्याच्या बातम्या आल्या. उठवलेल्यांची घरे मात्र गेली ती गेलीच. धरणात गाव गेलेल्यांना हे दुःख कळेल.

सावलीचा हिशेब

‘टिकाऊ शहर’ हा शब्द आज फार वापरला जातो. वीज किती वाचली, पाणी किती वाचले, याचे आकडे दिले जातात. आमचे म्हणणे असे की, शहर बांधणाऱ्या माणसाचे शरीर किती टिकले, हाही आकडा त्यात धरला पाहिजे.

माणसाचे शरीर घामाने थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि उष्णता शरीरातच कोंडते. आखाती देशांतून परतलेल्या नेपाळी तरुणांत मूत्रपिंडे निकामी झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले आहे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12:30 ते 3 पर्यंत उघड्यावरील कामास बंदी आहे. कतारने 2021 साली ही बंदी 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3:30 अशी वाढवली. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजून ठरावीक मर्यादा ओलांडली गेली, तर कोणत्याही वेळी काम थांबवण्याचा नियमही केला. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी न बदलू देणारी कफाला पद्धत कतारने 2020 साली सैल केली. ही पावले कुणी दयेपोटी उचललेली नाहीत. फुटबॉलच्या विश्वचषकामुळे जगाचे लक्ष गेले, कामगार संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा ती उचलली गेली.

दुबईत मजुरांच्या एका मोठ्या वसाहतीला लोक ‘सोनापूर’ म्हणतात. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. एका खोलीत अनेक खाटा, कामावर नेण्या-आणण्यास बस आणि शहराचे वैभव दुरून पाहायचे! गावकुसाबाहेरचे जगणे आपल्या बापजाद्यांनी भोगले आहे. शहर तुमच्या हातांनी उभे राहावे आणि शहरात तुम्हाला जागा नसावी, ही रीत आपण ओळखतो.

म्हणूनच बाबासाहेबांची आठवण येते. 1927 साली महाडला त्यांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी एकीकडे धरणे आणि वीज यांच्या योजनांना दिशा दिली, तर दुसरीकडे कारखान्यातील कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला. 1946 च्या दुरुस्तीने ते आठवड्याला 54 वरून 48 झाले. पाणी, वीज आणि मजूर यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केला नाही. वाळवंटातील शहरे आखणाऱ्यांनी हेच शिकावयास हवे.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे

मुलगा, भाऊ किंवा पती परदेशी कामाला निघत असेल, तर एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत तपासून घ्यावा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला आखाती देशांसाठी सरकारी मंजुरी लागते. ती टाळण्यासाठी टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नये. करारपत्राची आणि पासपोर्टची एक प्रत घरी ठेवावी. प्रवासी भारतीय विमा योजनेत 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते, ते घेतले की नाही हे विचारावे. फोनवर पैशांआधी तब्येत विचारावी. लघवी गडद होणे, डोके ठणकणे, चक्कर येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही उष्णतेची लक्षणे आहेत. अशा वेळी काम थांबवून सावली, पाणी आणि डॉक्टर गाठलाच पाहिजे.

आपल्या घराचेही पाहावे. विदर्भ-मराठवाड्यातील धाब्याची मातीची घरे उन्हाळ्यात किती थंड असत, ते जुनी माणसे सांगतील. आज आपण पत्र्याखाली राहतो. निदान उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर पांढरा चुना मारावा, दारापुढे आणि विहाराभोवती कडुनिंब, पिंपळ लावून जगवावा. वस्तीचा पुनर्विकास होत असेल, तर इमारतीत वारा खेळेल काय, दोन इमारतींत अंतर किती, पावसाचे पाणी मुरेल कुठे, हे बिल्डरला सभेत उभे राहून विचारावे. मुलांनीही या विषयाकडे वळावे. पिढ्यान्‌पिढ्या विटा वाहिलेल्या घरांतून नकाशे काढणारी मुले-मुली तयार व्हावीत, म्हणजे उद्याच्या शहरांत बांधणाऱ्यालाही सावली मिळेल.

जय भीम!