बरणीतली तारली

पावसाळा सरल्यावरची तारली तव्यावर टाकली की वरून फारसं तेल घालावं लागत नाही, ती आपल्याच तेलात तळली जाते. ते तेल म्हणजे माशाची पुंजी. ती मोजतात जाळून. मासा वाळवायचा, दळायचा, चिमूटभर भुकटीची गोळी पोलादी भांड्यात सुमारे ३० पट हवेच्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये पेटवायची आणि भोवतीचं पाणी किती तापलं ते पाहायचं. हा बॉम्ब कॅलरीमीटर. ग्रॅमभर मेद जळला की सुमारे ३९ किलोज्यूल, ग्रॅमभर प्रथिन जळलं की सुमारे २४.

पण मासा सापडतो समुद्रात आणि यंत्र असतं दूर शहरात. मधले दिवस तो ठेवायचा कसा, यावर उत्तर बदलतं!

समजा, १०० ग्रॅम माशात ६०० किलोज्यूल आहेत, ग्रॅमला ६. फ्रीझरमध्ये उघडा राहिला आणि १० ग्रॅम पाणी उडून गेलं, तर आकडा होतो ६.६७. माशात कणभर भर पडली नाही, तरी तो श्रीमंत दिसू लागला.

त्याहून विलक्षण गोष्ट खवटपणाची. उणे २० अंशांतही माशाचं तेल पुरतं झोपत नाही. विकरं त्याचे तुकडे पाडत राहतात, हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू चिकटत राहतो. ऑक्सिजनशी संयोग म्हणजेच तर जळणं! खवट वास येतो तेव्हा ज्योत नसलेली एक आग आधीच लागलेली असते, आणि तिने खाल्लेली उष्णता भांड्यात पुन्हा सापडत नाही. म्हणून उणे ८० अंश बरे.

अल्कोहोलच्या बरणीत तर मेद विरघळून बाहेरच येतो. मासा बरणीतून काढून जाळला, तर त्याची पुंजी बरणीतच राहिली. उलट, अल्कोहोल नीट उडवलं नाही तर तेही जळतं, ग्रॅमला जवळपास ३० किलोज्यूल देऊन. फॉर्मॅलिन मेदाला फारसं विरघळवत नाही. ते प्रथिनं एकमेकांत अडकवून टाकतं, पण वजन त्यातही हलतं.

मला सगळ्यात आवडते ती यावरची युक्ती. मासा हाती येताच ओलं वजन टिपायचं, मग कण्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे सोडवायचे. डावा ताजाच वाळवून जाळायचा, उजवा बरणीत घालून काही महिन्यांनी. मासा एकच, दोन आकड्यांत जे अंतर पडतं, ते बरणीचं.