फेलोशिप संपते तिथून पुढे

भारतात विद्यापीठीय संशोधकाची कारकीर्द बहुतेक वेळा नेट परीक्षेपासून सुरू होते. या परीक्षेत वरचे गुण मिळवणाऱ्यांना कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ मिळते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला ३७ हजार रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचा आढावा घेऊन वरिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे एसआरएफ मिळाली की ती ४२ हजार होते, घरभाडे भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षं. या आधीची वाढ २०१९ मध्ये झाली, तीही देशभरचे संशोधक रस्त्यावर उतरल्यावर. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अशीच अधिछात्रवृत्ती देतात, आणि तिच्यासाठीही आंदोलनं झाली आहेत.

थोडक्यात, आपल्याकडे संशोधकाला आधार द्यायचा म्हणजे दरमहा पैसे द्यायचे, एवढंच प्रामुख्याने गृहीत धरलेलं आहे. पैसे लागतातच. पण पाच वर्षांनी ते थांबतात, तेव्हा पुढच्या वाटेची तयारी झालेली असतेच असं नाही. ती तयारी कोणी करून घ्यायची याचं उत्तर व्यवहारात एकच आहे: गाईड. गाईड चांगला असेल तर विद्यार्थी परिषदांना जातो, अनुदानाचा प्रस्ताव लिहायला शिकतो, त्याच्या ओळखी होतात. नसेल तर पाच वर्षं प्रकरणं दुरुस्त करण्यात जातात.

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या पीएचडी नियमावलीने हे अवलंबित्व थोडं कमी करायचा प्रयत्न केला आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असावेत, अशी मर्यादा आहे. कोर्सवर्कबरोबर अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण प्रत्येकाने घ्यायचं आहे. आठवड्याला चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा उत्तरपत्रिका तपासणीचं काम संशोधकाला देता येतं. पुढे वर्गात उभं राहायचं असेल तर या तासांचा उपयोग मोठा. मात्र ते शिकण्यासाठी आहेत की विभागातल्या रिक्त जागा भरून काढण्यासाठी, हे त्या त्या विभागावर ठरतं.

याच नियमावलीनुसार दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचा अहवाल मांडावा लागतो. ही बैठक कागदावर फार चांगली कल्पना आहे, कारण गाईडशिवाय आणखी दोन-चार जाणती माणसं त्या कामाकडे पाहतात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ती पंधरा-वीस मिनिटांत उरकते: स्लाइड दाखवायच्या, संदर्भसूचीवर एखादी सूचना ऐकायची, सह्या घ्यायच्या आणि अहवाल पीएचडी सेक्शनला जमा करायचा. पीएचडीनंतर काय करणार, हा प्रश्न अहवालाच्या नमुन्यात नसतोच.

शोधनिबंधांची कथा निराळी. २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापून आणणं सक्तीचं होतं. सक्ती म्हटल्यावर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा जोरात चालला. २०१८ मध्ये संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेल्या नमुन्यात सुमारे ८८ टक्के दर्जाहीन निघाली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालणारी, दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी आली, ती २०२५ मध्ये बंद झाली. प्रकाशनाची सक्ती २०२२ मध्येच गेली होती. तरी कुठे छापावं आणि कुठे नाही, हे शिकवण्याची गरज काही गेलेली नाही.

खरी अडचण पदवी हाती आल्यावर सुरू होते. पोस्टडॉकच्या योजना आहेत, पण जागा मोजक्या आणि वयाची अट कडक. पाच वर्षांची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप ही त्यातली भक्कम योजना, कारण तिच्यात वेतनाबरोबर स्वतःचं संशोधन उभं करायला स्वतंत्र अनुदानही असतं. ज्यांना असं काही मिळत नाही, ते महाराष्ट्रात मोठ्या संख्येने तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. नेट किंवा सेट, शिवाय पीएचडी असूनही मानधन तासिकेगणिक, सुट्टीत काही नाही, आणि नेमणूक दरवर्षी नव्याने. अशा वेळापत्रकात संशोधन रात्री आणि रविवारी होतं, झालं तर.

नियमित भरतीतही संशोधनाचं वजन किती, ते पाहण्यासारखं आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा गुणतक्ता आहे. पीएचडीला ३० गुण. प्रत्येक शोधनिबंधाला दोन, पण सगळे मिळून १० च्या वर नाहीत. अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या एका वर्षाला दोन, तेही १० पर्यंत. पदवी परीक्षेत ८० टक्के असतील तर मात्र १५. म्हणजे विसाव्या-एकविसाव्या वर्षीची गुणपत्रिका पुढच्या सगळ्या शोधनिबंधांना मागे टाकू शकते.

स्त्री संशोधकांचं वेळापत्रक वेगळं चालतं, हे नियमांनी उशिरा का होईना मान्य केलं. पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत मिळते. खंड पडलेल्यांना परत आणण्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या खास योजना आहेत. ब्रिटनमधल्या अथेना स्वान उपक्रमाच्या धर्तीवर २०२० मध्ये ‘गती’ हा प्रायोगिक कार्यक्रमही सुरू झाला. त्यात व्यक्तीऐवजी संस्थेचं मूल्यमापन होतं: भरती, बढती, पाळणाघर, तक्रारींची दखल. सवलत देणं सोपं, संस्थेची सवय बदलणं अवघड, त्यामुळे ही दिशा जास्त कामाची वाटते.

गाईडबाहेरचं मार्गदर्शन कसं असावं, याचा एक चालता नमुना जीवशास्त्रात आहे. इंडियाबायोसायन्सतर्फे २००९ पासून तरुण संशोधकांची ‘यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग’ भरते. नुकतीच प्रयोगशाळा थाटलेले प्राध्यापक, नोकरीच्या शोधातले पोस्टडॉक आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ तिथे एकत्र येतात. शोधनिबंधांइतकीच तिथे विद्यार्थी कसे निवडावे, अनुदान कुठून मिळवावं, अशी चर्चा होते. सामाजिक शास्त्रांच्या आणि भाषांच्या संशोधकांना अशी सोय क्वचितच मिळते, आणि राज्य विद्यापीठांतले पीएचडीधारक याच विषयांत मोठ्या संख्येने आहेत.